रजिस्टर पत्र आणि शिडं शिवणारा

अन्ना, गेले दहा दिवस घरी येणारा प्रत्येक जण मला सांगतोय की तुला वाचनाचा फार नाद होता. मी मान डोलावते. खरं तर तू आयुष्यात एकच पुस्तक पुरं केलंस, आणि तेसुद्धा वाचलं मी, तू फक्त ऐकलंस. चौकात तुझ्या दोस्तांनी फ्लेक्स लावलाय. फोटोत तू हसतोयस आणि खाली लिहिलंय, 'नक्षीची नजर असलेला कलावंत.' नजर! ते वाचून मला तिथंच रस्त्यात हसू फुटलं. वदिनेनं, तुझ्या बायकोनं, माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडाला लावून रडल्याचं सोंग केलं. खरं रडू नंतर आलं, घरी, भांडी घासताना.

तुझ्या नजरेचं खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. वदिनेला लग्नानंतर कळलं असेल, पण त्या आधीची सगळी वर्षं ते ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर होतं. आता तू गेलास, आता मी बोलले तर तुझं काय बिघडणार आहे? म्हणून बोलते.

मी तेरा वर्षांची होते आणि तू चोविशीचा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात नक्षीवाला. चादरीवर मोर हवा असेल तर आधी तो चौकटींच्या कागदावर काढावा लागायचा. कागदावरची एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. एकानं ओळ वाचायची, 'दोन भरलेले, तीन कोरे, एक भरलेला', आणि दुसऱ्यानं त्या हिशेबानं पुठ्ठ्याला भोकं पाडायची. असे शेकडो पुठ्ठे ओवून मागावर चढवले की माग आपला तोच मोर विणत बसतो. वाचणारा चुकला की मोर चुकला, आणि एकदा चुकला की प्रत्येक चादरीवर चुकला. तुझा वाचणारा गडी गावी निघून गेला तेव्हा तू नायनांना, आपल्या वडिलांना, म्हणालास, "चेल्लीला पाठवा की शाळेनंतर. तिचं वाचन लई साफ हाय." चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. आपल्या घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि तू दोन्हीत गोड. नायना तुला कशालाच नाही म्हणत नसत.

ते पुस्तक तू नवी पेठेतून आणलंस. कापडाच्या दुकानांच्या पायऱ्यांशी एक म्हातारा जुनी पुस्तकं पसरून बसायचा. तू काही वाचायला ते घेतलं नव्हतंस, मुखपृष्ठावर तीन शिडांचं जहाज होतं आणि तुला ते चादरीवर घ्यायचं होतं. जहाजाची नक्षी मालकानं उडवून लावली. "सोलापुरात जहाज कोण पांघरतंय?" म्हणाला. पुस्तक मात्र राहिलं. समुद्री चाच्यांची गोष्ट, जगभरातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचलेली, कुणीतरी जुन्या वळणाच्या मराठीत आणलेली. सांगणारा एक पोरगाच. घरातून पळून जहाजावर चढतो आणि मग जे जे होतं ते स्वतःच्या तोंडानं सांगत जातो. पहिली काही पानं गायब होती, त्यामुळे तो घरातून का पळाला ते आपल्याला कधीच कळलं नाही. तू म्हणायचास, बापानं मारलं असंल. मी म्हणायचे, समुद्र बघायचा असेल.

ठराव असा होता की मी एक नक्षी वाचायची आणि मग एक प्रकरण. जेवणाच्या सुट्टीत माग थांबत, तेव्हा कानातला खडखडाट विरायला वेळ लागायचा आणि माझा आवाज मलाच परका वाटायचा. तू पुठ्ठ्यांच्या ढिगाला टेकून डोळे मिटून ऐकायचास. आणि काय ऐकायचास! चाचे तलवारी उपसून दुसऱ्या जहाजावर उड्या मारतायत, पोरगा पिंपामागं लपलाय, आणि तू मध्येच म्हणणार, "थांब थांब. त्या शिडाचं कापड कुणी विणलं असंल गं? येवढ्या वाऱ्यात फाटत न्हाय म्हंजे सूत दुहेरी असणार." चाच्यांनी सोन्याचं जहाज लुटलं तर तुला काही नाही, पण कापडाचे गठ्ठे समुद्रात फेकले तेव्हा तू खरोखर उठून बसलास. "अरे गाढवांनो," म्हणालास. जगात ती गोष्ट इतक्या लोकांनी वाचली, पण त्या गठ्ठ्यांसाठी हळहळणारा तू एकटाच असशील.

म्हणूनच तुला तो आवडला. शिडं शिवणारा. जहाजावरचा म्हातारा चाचा, मोठी सुई घेऊन फाटकी शिडं सांधत बसणारा. पोराला गाठी मारायला शिकवतो, आपल्या वाटचं पाणी देतो, वादळात त्याला स्वतःच्या कमरेला बांधून ठेवतो. आणि मग कप्तानाला संशय येतो तेव्हा स्वतःची जागा टिकावी म्हणून पोरानं विश्वासानं सांगितलेलं गुपित कप्तानाच्या कानात सांगून मोकळा होतो. त्या प्रकरणाला मी पुस्तक आपटलं होतं. तू म्हणालास, "त्यानं पोराला मारलं तर न्हाय ना?"

त्या भांडणावर आपण किती दुपारी घालवल्या! शेवटी तो शिवणारा छोट्या होडीतून एकटाच निघून जातो. जाताना पोराकडे वळून काहीतरी ओरडतो, पण वारा उलटा असतो. पोरगा लिहितो की तो काय म्हणाला ते मला आजवर समजलेलं नाही. तू म्हणायचास, माफी मागितली असणार. मी म्हणायचे, शिवी दिली असणार. तू चिडायचास. मला तुला चिडवायला आवडायचं, म्हणून मी आणखी घाण शिव्या सुचवायचे.

आणि मग तो मोर. मी वाचत होते नक्षी, पण डोकं होतं जहाजावर, आणि मानेजवळच्या चार ओळी मी गाळून गेले. चादरी विणून, घड्या होऊन तयार झाल्या, तेव्हा कळलं की एकाही मोराची मान धडाला जुळत नव्हती. मालकानं सगळ्या कारखान्यासमोर तुला झापलं. तू एकदाही माझ्याकडे बोट केलं नाहीस. "माझीच चूक हाय शेठ, भोकं मीच पाडली," एवढंच म्हणत राहिलास. ते मी विसरलेले नाही, अन्ना. मला तुझ्यावर राग धरायचा असतो तेव्हा नेमकं तेच आडवं येतं.

घरी जाताना मी तुला विचारलं की कागद तुझ्यासमोर होता, चार ओळी गेल्या तरी तुझ्या लक्षात कसं आलं नाही? तू सायकल थांबवलीस. म्हणालास, "मला चौकोन दिसत न्हाईत गं. मधेच सगळं पुसल्यावानी होतंय. डागदर म्हणला चष्म्यानं जाणारं न्हाय हे." नक्षी तुझ्या डोक्यात असायची, तू ती जाड पेन्सिलीनं मोठ्या कागदावर काढायचास, आणि बारीक चौकटी भरायला नि वाचायला तू मला का बसवतोस ते मला त्या दिवशी कळलं. "कुणाला सांगू नको. सांगितलंस तर मी संपलो बग." मी देवाची शप्पथ घेतली. अम्मालासुद्धा सांगितलं नाही. नऊ-दहा वर्षं मी तुझे डोळे होते आणि लोक तुझ्या नजरेचं कौतुक करत होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट मजा वाटायची. आपल्या दोघांचं ते गुपित होतं.

तू माझे लाडही पुष्कळ केलेस, नाही म्हणत नाही. मी समुद्र समुद्र करायचे म्हणून एका रविवारी सायकलवर डबल सीट बसवून हिप्परग्याच्या तलावावर घेऊन गेलास. "हे बग. हेच्या पलीकडचा काठ काढून टाक, झाला समुद्र." आपण दोघांनी कधी समुद्र पाहिलेला नव्हता. तू भजी आणलीस आणि उरलेली माशांना घातलीस.

बारावीला मला चांगले मार्क पडले. कोकणातल्या एका कॉलेजात समुद्राचं, माशांचं शिकवतात हे मला बाईंनी सांगितलं. फॉर्म तूच आणलास. फोटो काढायला तूच घेऊन गेलास. नायना पोरीला एवढ्या लांब पाठवायला कधी तयार झाले नसते, तर तू म्हणालास, आधी हातात पत्र येऊ दे, मग त्यांना मी बघतो. आणि पत्ता कारखान्याचा द्यायची युक्तीही तुझीच, म्हणजे पत्र नायनांच्या हाती पडायला नको. मी किती खूश होते! चाच्यांच्या जहाजावर आपला माणूस असल्यासारखी.

मग रोज विचारायचे. "आलं का रे?"

"न्हाय की आलं अजून."

पुठ्ठ्याला भोक पाडता पाडता सांगायचास, मान वर न करता. महिनाभर. मग कॉलेजं सुरू झाली आणि मी विचारणं सोडलं. मला वाटलं, आपल्यालाच घेतलं नाही. सोलापूरची पोरगी, विणकराची, तिला कोण घेणार समुद्रावर? ही गोष्ट मी स्वतःबद्दल मानून चालले, अन्ना, एक-दोन नाही, बारा वर्षं. इथंच बी.ए. झाले, डी.एड. केलं, दोन गल्ल्या सोडून एका घरची सून झाले, शाळेत भूगोल शिकवू लागले. नकाशावर निळा रंग दाखवताना माझा आवाज थोडा वर जायचा, तेवढाच माझा समुद्र.

बारा वर्षांनी, माझ्या लेकीच्या बारशाला, रफीकभाई आले होते. तुमच्या कारखान्यात पुठ्ठे ओवायचं काम करायचे ते. पेढा खाता खाता सहज म्हणाले, "ताई, एक विचारायचं लई दिवस मनात हाय. तुमचं ते कोकणातलं रजिस्टर आलं होतं, मीच सही करून घेतलं. अन्नाच्या हातात दिलं. वरच लिवलं होतं कॉलेजचं नाव. मग गेले का न्हाई तुमी?" बिचारे साधेपणानं विचारत होते. मी म्हणाले, घरून परवानगी मिळाली नाही. तू पलीकडे पंगतीत आग्रह करत फिरत होतास. मी तुझ्याकडे पाहिलं आणि लेकीला मांडीवर घेऊन बसून राहिले.

पत्र का दडवून ठेवलंस ते मला विचारायची गरज नव्हती. मी गेले असते तर तुला वाचून कोण दाखवणार होतं? चौकटी कोण भरणार होतं? तू संपला असतास. मला ते समजत होतं, आणि समजत होतं म्हणून जास्त संताप येत होता. तू मला सांगितलं असतंस ना, की चेल्ली, जाऊ नको, माझं पोट जाईल, तर मी राहिले असते रे. शंभर टक्के राहिले असते. पण मग ते माझं राहणं असतं. तू मला विचारलंच नाहीस. घरात एखादी वस्तू हाताशी ठेवावी तशी मला ठेवून घेतलीस.

आणि विनोद पुढचाच. तू पत्र दडवल्यावर पाच-सहा वर्षांतच कारखान्यात कॉम्प्युटर आला होता. मोठा पडदा, त्यावर चौकोन हवा तेवढा मोठा करता येतो. तुला पुन्हा दिसायला लागलं. पेढे घेऊन आलास, "आता तुला तरास न्हाय चेल्ली, तू मोकळी." मोकळी! माझं लग्न ठरून साखरपुडा झाला होता तेव्हा.

बारशानंतर महिन्याभरानं मी तुझ्या घरी आले, ठरवून, भांडायला. वदिना बाहेर गेली होती. मला एकच वाक्य हवं होतं तुझ्या तोंडून, 'पत्र मी लपवलं.' त्यापुढचं सगळं मी गिळायला तयार होते. पण तू चहा टाकलास, दोन्ही कपांत जास्तीची साखर घातलीस, लहानपणी घालायचास तशी. मी विचारलं भलतंच. म्हणाले, "अन्ना, तो शिडं शिवणारा. त्यानं पोराला विकलं, ते तुला अजून चालतं?"

तू कप बशीत फिरवलास. मग म्हणालास, "त्याला जहाजावरनं उतरवलं असतं तर तो कुटं गेला असता गं? म्हातारा मानूस, हातात फकस्त एक सुई."

"आणि पोरगं?"

"पोरगं काय, पोरगं शेवटी घरी आलंच की."

"घरी यायला आधी निघावं लागतं," मी म्हणाले.

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं होतं मला कळलंय ते. त्या क्षणी तू बोलायला हवं होतंस. तू म्हणालास, "चहा गार होतोय."

त्यानंतर आपण वीस वर्षं सणावाराला भेटलो, हसलो, एकमेकांच्या पोरांना कपडे केले. दर राखीला मी तुझ्या मनगटाशी गाठ मारताना वाटायचं, आज बोलेल. तू ओवाळणी घालायचास आणि विचारायचास, डाळ महागली का गं तुमच्याकडं?

शेवटच्या वर्षी पडद्यावरचे मोठे चौकोनही तुला दिसेनासे झाले. वदिनेचा फोन आला की घरात बसून कंटाळतात, येऊन काही वाचून दाखवत जा. मी येत होते, दर रविवारी. पेपर वाचायचे. अग्रलेख, भविष्य, निधन वार्तासुद्धा. एकदा तू म्हणालास, "ते पुस्तक वाच की. आपलं." मी म्हणाले, "ते न्हाय आता. हरवलं." पुस्तक माझ्या कपाटात होतं, साड्यांच्या खाली. तुझ्याच आवाजात, तुझ्याच इतक्या सहजपणे मी ते म्हणाले आणि मला बरं वाटलं. खोटं का बोलू? फार बरं वाटलं.

मग म्हणालास, "शेवट आठवतोय मला. होडीतनं ओरडतोय तो. काय म्हणला असंल गं?"

मला माहीत होतं तू मला दार उघडून देतोयस. की स्वतःसाठी उघडून घेतोयस, कोण जाणे. माझ्या ओठांवर आलं होतं, 'तूच सांग ना.' तीन शब्द. मी म्हणाले, "मला काय ठाऊक?" आणि हवामानाचा अंदाज वाचायला घेतला.

पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन यायचं मी ठरवलं होतं, यावर तू विश्वास ठेव किंवा नको ठेवू. पिशवीत काढूनही ठेवलं होतं. तू गुरुवारी गेलास.

काल तुझा दहावा झाला. ओट्यावर पिंड मांडले, आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. अशा वेळी कावळा लवकर आला नाही की लोक एकेक करून पुढं होतात आणि गेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते ओळखून शब्द देतात. तुझा मुलगा आईला सांभाळीन म्हणणार होता. तुझा दोस्त नातवाचं शिक्षण बघीन म्हणणार होता. मी माझं वाक्य सकाळपासून तयार करून आले होते. त्या दोघांचं म्हणून झाल्यावरही कावळा आला नाही की मी पुढं होणार, आणि सगळ्यांसमोर, वदिनेसमोर, म्हणणार, 'अन्ना, पत्राचं मला माहीत आहे. मी सोडलं ते. जा.' तुझं अडकलेलं फक्त माझ्यापाशी सुटणार होतं. खरं सांगू? मला ती वेळ यावी असं वाटत होतं. निदान तेवढ्यावरून कळलं असतं की तुलाही ते खुपत होतं.

गुरुजी हात धुऊन मागं वळायच्या आत कावळा उतरला. एक नाही, दोन. आम्ही नीट उभेही राहिलो नव्हतो. लोकांनी हात जोडले. वदिना डोळे पुसत म्हणाली, "बगा, कशात म्हणून जीव अडकला न्हवता त्यांचा. लई समाधानी मानूस." सगळे हो हो म्हणत चपला शोधायला लागले.

मी तिथंच उभी राहिले, अन्ना. माझं सबंध आयुष्य तू तुझ्या पोटात ठेवून गेलास, आणि तुला एक कावळासुद्धा थोडा वेळ थांबवता आला नाही.